व्हिस्लर: आठ दिवसांच्या सहलीत स्की किती दिवस करायचं?

गारठलेली:
मंडळी, फेब्रुवारीत कॅनडातल्या व्हिस्लरला जायचं घाटतंय. मी, नवरा आणि अकरा वर्षांची लेक. नवऱ्याने पंधरा वर्षांपूर्वी आल्प्समध्ये दोनदा स्की केलंय, त्यामुळे घरातला जाणकार तोच. मी आणि लेक कोऱ्या पाट्या. मला चष्मा आहे आणि उंचीची थोडी भीती वाटते.

जाणकारांचा बेत असा: लांबलचक विमानप्रवास करून संध्याकाळी व्हँकुव्हरला उतरायचं, भाड्याची गाडी घेऊन रात्रीच व्हिस्लर गाठायचं आणि सकाळी साडेआठला डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या रांगेत. मग सलग सहा दिवस स्की. "एवढा खर्च करून गेल्यावर बसून काय राहायचं?" मला हे ऐकूनच दमायला होतंय. मी उगाच घाबरतेय का? आणि कपडे, बूट विकत घ्यावेत की भाड्याने?

टायरवाला:
रात्रीच्या गाडीवर पहिली फुली मारा. व्हँकुव्हर ते व्हिस्लर साधारण १२० किमी, सगळा वळणावळणाचा हायवे ९९. त्यावर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च गाडीला हिवाळी टायर सक्तीचे आहेत. गाडी घेतलीतच तर ते बसवलेत का, हे चावी हातात घेण्याआधी बघा. झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी तो रस्ता नकोच. विमानतळावरून थेट बस मिळते, आणि गावात पोचल्यावर गाडीची गरजही पडत नाही.

अजून एक. तिकीट स्वस्त दिसलं म्हणून अमेरिकेत विमान बदलणार असाल तर आधी व्हिसाचं बघा. नुसतं पुढचं विमान पकडायचं असलं तरी तिथे इमिग्रेशनमधून जावं लागतं.

तिसऱ्यांदा_पडले:
गारठलेली, तू अजिबात उगाच घाबरत नाहीयेस. मी चाळिशीत स्की शिकले आणि पहिल्या सहलीत तुझ्या नवऱ्याचाच बेत आमच्याकडे होता. तिसऱ्या दिवशी दुपारी मला जिना उतरता येईना. मांड्या अशा भरून आल्या होत्या की मी कठडा धरून उलटी, पाठमोरी उतरले.

पोचल्यावरचा पहिला दिवस कोरा ठेव. त्या दिवशी फक्त बूट-स्की भाड्याने घेऊन ठेवायच्या. मग दोन दिवस शिकवणी, एक दिवस सुट्टी, मग पुन्हा दोन दिवस. नवशिक्याला एवढं पुरे होतं. शिकवणीच्या पैशात लिफ्टचा पास धरलाय का, ते आधी विचार. नाहीतर दोनदा पैसे जातात. पास लागलाच तर खिडकीवर ऐनवेळी घेऊ नकोस, तिथे तो सगळ्यात महाग पडतो.

आता बूट. सगळी सहल त्यांच्यावर असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी थंडीच्या धाकाने दोन जोड जाड मोजे घातले होते. बूट घट्ट झाला, रक्त फिरेना आणि पाय अजूनच गार पडले. परत आल्यावर अंगठ्याचं नख काळं पडून गळलं. मोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा. आतली थर्मल पँट बुटात खोचायची नाही, नडगीवर तिची घडी रुतते. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली पाहिजेत, आणि गुडघे वाकवून नडगी पुढे रेटली की ती किंचित मागे सरली पाहिजेत. नेहमीच्या बुटासारखा ऐसपैस वाटला तर तो मोठा आहे. लेकीला "वाढत्या पायाचा" घेऊ नकोस.

दुकानात वजन, उंची, वय आणि स्की कितपत येतं, हे विचारतात. जोराचा धक्का बसल्यावर बुटातून स्की सुटली पाहिजे. बूट स्कीला पकडून ठेवणारं बाइंडिंग किती घट्ट ठेवायचं हे त्यावरून ठरतं. माझ्या मागे रांगेत सासरे उभे होते. मी वजन आठ किलो कमी सांगितलं. मग काय, जरा जोरात वळलं की स्की पायातून निघायची आणि मी बर्फात. उलटी थाप याहून वाईट. "मला छान येतं" म्हटलं की बाइंडिंग घट्ट लावतात, पडल्यावर ते सुटत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. हे वाक्य नवऱ्याला वाचून दाखव.

त्यांना वाटांच्या पाट्यांवरच्या रंगांचंही सांग. आल्प्समध्ये निळी वाट म्हणजे सोपी. व्हिस्लरला सोपी ती हिरवी, निळी मधली. जुन्या सवयीने निळी पाटी बघून तुम्हा दोघींना घेऊन निघतील.

कपडे उसने किंवा भाड्याने चालतील. हातमोजे, मोजे आणि चष्म्यावर बसणारा गॉगल मात्र स्वतःचा घे. घाम आलेल्या कपाळावर गॉगल चढवून ठेवायचा नाही, आतून धुकं धरतं. विम्यात हिवाळी खेळ धरलेत का तेही बघ, पुष्कळ पॉलिसींत ते वगळलेले असतात.

पावडरप्रेमी:
एवढ्या लांब जाताय तर जपानमधलं निसेको का नाही? व्हिस्लरचं गाव जेमतेम ६७५ मीटरवर. वर बर्फ पडत असताना खाली चक्क पाऊस पडतो. निसेकोला सायबेरियाचा वारा समुद्रावरून ओल घेऊन येतो आणि पिठासारखं बर्फ ओततो. स्वर्ग!

तिसऱ्यांदा_पडले:
स्वर्ग तुमच्यासाठी हो. नवशिक्याची स्की त्या पिठात रुतली की उठता उठता अर्धा तास जातो. तिला यंत्राने दाबून सपाट केलेली वाट हवी, आणि ती दोन्हीकडे मिळते. पावसाचं मात्र खरं आहे. म्हणून गारठलेली, गोंडोलाने, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या बंद डब्याने, वर जाऊनच शिका आणि संध्याकाळी गोंडोलानेच खाली या. खालच्या टप्प्यात बर्फ ओलं, जड होतं, पाय थकलेले असतात आणि घरी निघालेली सगळी गर्दी त्याच वाटेवर असते. यात कमीपणा काही नाही.

सुट्टीच्या दिवशी लेकीला पीक टू पीक गोंडोलात बसव. व्हिस्लर आणि ब्लॅककोम या दोन डोंगरांना जोडणारी ४.४ किमीची, मधोमध दरीपासून ४३६ मीटर उंच. तू बसू नकोस. किंवा बस, पण खाली बघू नकोस.

फेब्रुवारीतला तिसरा सोमवार कुठल्या तारखेला येतो तेही बघा. तेव्हा अमेरिकेत आणि व्हिस्लर ज्या प्रांतात आहे त्या ब्रिटिश कोलंबियात दोन्हीकडे सुट्टी असते, रांगा फार लागतात.

गारठलेली:
धन्यवाद सगळ्यांना! तारखा एका आठवड्याने पुढे ढकलल्या, रात्रीची गाडी रद्द, बसची तिकिटं काढली. सहाचे चार दिवस झाले. रंगांचं वाचून दाखवल्यावर जाणकार बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "मला माहीत होतं."

दुकानात वजन खरं सांगेन. त्याआधी नवऱ्याला गॉगल बघायला पाठवेन.