मदत हवी आहे: फार्मर्स मार्केटमध्ये मुलांना चाखायला द्यायची कोशिंबीर, दाण्याच्या कुटाशिवाय

नमस्कार मंडळी,

मी ओरेगनमध्ये पोर्टलंडजवळ राहते. आमच्या फार्मर्स मार्केटमध्ये शनिवारी मुलांसाठी 'पॉप क्लब' म्हणजे 'पॉवर ऑफ प्रोड्यूस' चालतो, तिथे यंदा स्वयंसेवक म्हणून जाते. हा उपक्रम २०११ साली इथल्याच ओरेगन सिटीच्या बाजारात सुरू झाला आणि मग अमेरिकेत ठिकठिकाणी पोचला. नाव नोंदवलं की मुलाला दोन डॉलरचं टोकन मिळतं. ते फळं, भाज्या किंवा भाजीच्या रोपांवरच खर्च करायचं, आणि काय घ्यायचं ते मुलानेच ठरवायचं. आईबाबांनी मध्ये पडायचं नाही, हे मला फार पटतं. मागे एका सहासात वर्षांच्या मुलीने जांभळा नवलकोल उचलला आणि शेतकरीण बाईंना विचारलं, "हा कच्चा खातात?" बाईंनी तिथेच सोलून एक फोड तिच्या हातावर ठेवली. पोरीने ती कुरूमकुरूम खाल्ली आणि लगेच टोकन काढून दिलं!

एरवी मात्र बहुतेक टोकनं बेरींवरच जातात. मुलं भाजीकडे वळावीत म्हणून चव घ्यायचं टेबल असतं. दोन घास खाऊन बघायचे, नाही आवडलं तरी हरकत नाही, फक्त दुसऱ्यासमोर 'शी' म्हणायचं नाही. सप्टेंबरमधल्या एका शनिवारी हे टेबल माझ्याकडे आहे आणि मला खमंग काकडी करायची फार इच्छा आहे.

अडचण कुटाची. ॲलर्जीमुळे शेंगदाणा आणायचाच नाही. तिळाचं कूट घालावं म्हटलं, तर २०२३ पासून तीळही इथल्या मुख्य ॲलर्जनच्या यादीत आहे. दह्याचंही तेच. मूगडाळ घालून करता येईल, पण ती घरून भिजवून न्यावी लागते आणि आमच्याकडे घरी तयार केलेलं काही चालत नाही. सगळं तिथेच चिरायचं. शेगडी नाही, म्हणजे फोडणीही नाही. उरलं काय, तर लिंबू, मीठ, साखर, जिरेपूड, कोथिंबीर. एवढ्यावर ती खमंग कशी लागणार?

भाजलेल्या सूर्यफुलाच्या किंवा भोपळ्याच्या बियांचं कूट कुणी घालून पाहिलंय का? कडवट लागतं का? दुसरं म्हणजे काकडीला सुटणारं पाणी. मार्केट सकाळी नऊ ते दुपारी दीड. थोडी थोडी कोचवून ऐन वेळी मीठ लावावं, की आधीच पिळून घ्यावी? पिळलेली काकडी मुलांना मऊ वाटेल अशी भीती वाटते, त्यांना कुरकुरीत लागतं.

काकडीऐवजी गाजर, बीट किंवा कोबीचं काही सुचत असेल तर तेही सांगा. अट एकच, मुख्य भाजी त्याच बाजारातली आणि एका टोकनात येणारी हवी, म्हणजे चव आवडली तर मूल लगेच जाऊन ती विकत घेऊ शकेल.

परदेशात शाळेत किंवा मार्केटमध्ये लहान मुलांना आपले पदार्थ कुणी खिलवले असतील, तर काय संपलं आणि काय तसंच उरलं तेवढं नक्की लिहा.