इंट्राडेमध्ये ऑर्डर फसली, तर नुकसान कोणाच्या माथी?

पार्कचौक :
नवी पेठेतील माझ्या एका परिचिताने सकाळी घेतलेले शंभर शेअर इंट्राडेमध्येच, म्हणजे त्याच दिवशी, विकण्यासाठी ऑर्डर टाकली. पडद्यावर ती बराच वेळ 'पेंडिंग' दिसत राहिल्याने त्याने पुन्हा बटण दाबले आणि थोड्याच वेळात दोन्ही ऑर्डर पूर्ण झाल्या. शेअर विकून मोकळे होण्याऐवजी शंभर शेअरची शॉर्ट पोझिशन (जवळ नसलेले शेअर विकल्याचा सौदा, जो परत खरेदी करून मिटवावा लागतो) त्याच्या गळ्यात पडली आणि ती ध्यानात येईपर्यंत भाव वर चढला होता. दोन्ही ऑर्डर ग्राहकाच्याच लॉगिनमधून आल्या आहेत, असे ब्रोकरने कळवले. ते खरे असले, तरी पहिल्या ऑर्डरची खरी स्थिती वेळेत दाखवली असती, तर दुसरी ऑर्डर गेलीच नसती. म्हणून अशा नुकसानीत ब्रोकरने वाटा उचलावा, असे माझे मत आहे. बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या नोव्हेंबर २०२२ च्या परिपत्रकात तांत्रिक बिघाडाची व्याख्या करताना सलग पाच मिनिटांची मर्यादा घातली होती. त्याहून कमी वेळ अडकलेली यंत्रणा त्यात बसत नव्हती, पण इंट्राडे करणाऱ्याचे दिवाळे तेवढ्यात निघू शकते.

होटगीरोड :
मला हे अजिबात पटत नाही. ऑर्डर अडकली असे वाटले, की आधी ऑर्डर बुक आणि पोझिशन पाहायची, हा पहिला धडा आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडखाली उभे राहून, मागांचा खडखडाट चालू असताना आणि नेटवर्कची जेमतेम एक काडी असताना मोबाइलवर सौदे करणारे लोक मी रोज पाहतो. वीज गेली, वायफाय बंद पडले आणि फोन मोबाइल डेटावर येईपर्यंत ऑर्डर लोंबकळली, तर तो ब्रोकरचा दोष कसा?

दुसरे असे, की ज्याला लोक चूक म्हणतात तो पुष्कळदा नियमच असतो. ऑप्शनमध्ये (ठरलेल्या भावाला पुढे खरेदी-विक्री करण्याच्या हक्कांच्या सौद्यांत) बाजार पातळ, म्हणजे उलाढाल कमी असताना स्टॉप-लॉस मार्केट ऑर्डर (तोटा रोखण्यासाठी ठरवलेला भाव आला की मिळेल त्या भावाला पूर्ण होणारी) भलत्याच भावाला पूर्ण होत असत. राष्ट्रीय शेअर बाजाराने (एनएसई) २७ सप्टेंबर २०२१ पासून तिथे ती बंद केली. आता ट्रिगरसोबत (ज्या भावाला ऑर्डर जागी होते तो) लिमिट, म्हणजे सौद्याच्या भावाची मर्यादा, द्यावे लागते आणि भाव ते लिमिट ओलांडून उडाला, तर ऑर्डर तशीच उघडी राहते. लक्ष्य गाठल्यावर स्टॉप-लॉसची सुटी ऑर्डर रद्द करायचे विसरणारेही कमी नाहीत. मग ती लागते आणि उलटी पोझिशन उभी राहते. सेबीच्या जुलै २०२४ च्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये कॅश बाजारात (शेअरच्या थेट खरेदी-विक्रीत) इंट्राडे करणाऱ्या दहांपैकी सात जण तोट्यात होते. हे सगळे काय ॲप अडकल्यामुळे?

पार्कचौक :
सगळे नव्हेत, तसा माझा दावाही नाही. परंतु २४ फेब्रुवारी २०२१ आठवा. सकाळी पावणेबाराच्या सुमारास एनएसईचे व्यवहार थांबले ते दुपारी पावणेचारला सुरू झाले आणि बाजार पाचपर्यंत चालला. दरम्यान, बाजार पुन्हा उघडणार की नाही हेच स्पष्ट नसल्याने अनेक ब्रोकरांनी ग्राहकांच्या इंट्राडे पोझिशन मुंबई शेअर बाजारात (बीएसई) मिळेल त्या भावाला कापल्या, म्हणजे बंद केल्या. त्या दिवशी ग्राहकाने कोणते बटण चुकीचे दाबले होते?

जुळेसोलापूर :
वाद रंगला आहे, पण अडचणीच्या क्षणी काय करायचे हेही लिहितो. ब्रोकरचा कॉल-अँड-ट्रेड (फोनवरून ऑर्डर देण्याचा) क्रमांक फोनमध्ये आधीच साठवून ठेवावा. ब्रोकरची यंत्रणा पूर्ण कोलमडली, तर ऑक्टोबर २०२३ पासून 'इर्रा' ही एक्स्चेंजची पर्यायी सोय आहे, मात्र तिथे पोझिशन बंद करता येते आणि प्रलंबित ऑर्डर रद्द करता येते. नवा सौदा करता येत नाही.

दुसऱ्या ब्रोकरकडे उलटा सौदा करून जोखीम झाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो शेअरच्या बाबतीत जपूनच पाळावा. दोन्ही खात्यांतील पोझिशन त्याच दिवशी बंद झाल्या नाहीत, तर शॉर्ट बाजूचे शेअर देता येत नाहीत आणि प्रकरण लिलावात जाते (न दिलेले शेअर एक्स्चेंज लिलावातून मिळवते), मग मूळ तोट्यापेक्षा दंडच जड होतो. तक्रार करायची असेल, तर घड्याळाची वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट आणि कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरने दिलेली सौद्यांची पावती) जपून ठेवा. आधी ब्रोकरकडे आणि तिथे दाद लागली नाही तर सेबीच्या 'स्कोअर्स' या तक्रार पोर्टलवर जा.

होटगीरोड :
२०२१ चा दाखला एक्स्चेंजच्या बिघाडाचा आहे, ब्रोकरच्या पडद्याचा नव्हे. आणि भरपाईचा पायंडा पडला, की तोट्यात गेलेला प्रत्येक जण 'मला पेंडिंगच दिसत होते' असे म्हणेल. ते खरे की खोटे, हे कोण ठरवणार?

पार्कचौक :
लॉग (यंत्रणेतील वेळेच्या नोंदी) ठरवतील, आणि ते ब्रोकरच्या ताब्यात आहेत, हीच तर गोम आहे. ऑर्डर ब्रोकरच्या सर्व्हरवर कधी पोहोचली, एक्स्चेंजला कधी गेली आणि पूर्ण झाल्याचा निरोप ग्राहकाच्या ॲपवर कधी परतला, या तिन्ही वेळा ग्राहकाला मागताक्षणी मिळाल्या पाहिजेत. विलंब ग्राहकाच्या नेटवर्कमुळे झाला असेल, तर तेही त्यातून उघड होईल.

होटगीरोड :
वेळा जरूर द्याव्यात, त्याला माझी हरकत नाही. भरपाईला मात्र आहे.