अनुभव धागा: ३१ची रात्र, १ तारखेची सकाळ

करंज्या संपल्या, नाताळचा गोठा अजून ओट्यावर आहे. संकल्पांची यादी नको. माझ्या जिमच्या फीचं काय झालं ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. वर्ष पालटताना श्रद्धा रोजच्या व्यवहारात कुठे आडवी आली, कुठे हाताशी आली, तेवढं लिहा. सुरुवात मीच करते.

वसई, धागाकर्ती
आमच्याकडे ३१ला संध्याकाळी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आभाराची मिस्सा (प्रार्थनाविधी). १ जानेवारी हा देवमाता मारियेचा सण. या दोन्हींच्या मधे पोरं गवताचा म्हातारा जाळतात, त्याला मिस्सेपेक्षा गर्दी जास्त! शेजारच्या काकांशी आमचा दोन वर्षं अबोला होता. कारण बावखल, म्हणजे वाडीतलं तळं. पाणी कोणी किती वेळ ओढायचं, आणि काठावरचा वाकडा माड कोणाचा. त्या संध्याकाळी ते नेमके माझ्या पुढच्या बाकावर. 'एकमेकांना शांती द्या' म्हटल्यावर ते वळले, मीही हात जोडले. पण दोघांनीही नमस्कार केला तो आमच्या मधे बाकड्यावर चढलेल्या कोणाच्या तरी पोराला. सकाळी दार उघडलं तर कुंपणाच्या आमच्या बाजूला अकरा नारळ ओळीने मांडलेले. दोन किडके होते, ते काकांना नक्की माहीत असणार. मी सोलून नऊंची वडी केली, अर्धी तिकडे पाठवली. भांडण मिटलं असं म्हणणार नाही. मोटरची वेळ अजून ठरलेली नाही.

पाचूबंदर
नाताळला बोटी किनाऱ्याला, नव्या वर्षाच्या मिस्सेनंतर परत डोल (जाळं) टाकायला. आईचा नियम एकच: खलाशांचा हिशेब जुन्या वर्षातच चुकता. एका वर्षी मासळीच नव्हती, मासळी सुकवायच्या वलांड्या रिकाम्या. आईने कुड्या गहाण ठेवून पैसे दिले. 'त्यांच्या घरी पण १ तारीख उगवते,' म्हणाली. मी तेव्हा चिडलो होतो. खरं सांगू? अजूनही पूर्ण पटत नाही. डिझेलवाला आमच्यासाठी थांबतो का? पण त्यातला एक वारली खलाशी अजून आमच्याच बोटीवर आहे, बाकीचे दरवर्षी बदलतात.

वेंगुर्ला
आम्ही प्रॉटेस्टंट, आमची 'वॉच नाईट', म्हणजे ३१च्या रात्री जागून केलेली प्रार्थना. बायबलमधलं नव्वदावं स्तोत्र वाचतात, मग ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं (टिळक म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म १८६१, हे सांगितल्याशिवाय आमच्या बाबांना राहवत नाही). बारानंतर थाळीतून प्रत्येकाने वचनाची एक चिठ्ठी उचलायची. गेल्या वर्षी बाबांच्या हातात दोन चिकटून आल्या. एक परत ठेवा म्हटलं तर म्हणाले, 'देवाने दिलेलं परत कसं करू?' मार्चमध्ये त्यांना बायपास सांगितली. दोन्ही चिठ्ठ्या गोळ्यांच्या डबीत होत्या, एक सकाळच्या कप्प्यात, एक रात्रीच्या. आता ते बरे आहेत, आणि यंदा तीन उचलणार म्हणून धमकी देतात.

कोर्लई
मिस्सा मराठीत, पण घरात आम्ही आमची नौ लिंग, ही पोर्तुगीजमधून आलेली बोली, बोलतो. पोर्तुगीज १७४०ला गेले, बोली राहिली. आजी वर्षाची शेवटची रोजारी (जपमाळेची प्रार्थना) या बोलीतच म्हणायची. ती गेल्यापासून आम्ही मराठीत म्हणतो. एवढंच.

सावंतवाडी, नर्स
मी फारशी देवळात जात नाही, तरी लिहिते. नाताळची माझी ड्युटी हिंदू मैत्रीण घेते, दिवाळीची तिची मी, आणि ३१ची रात्र कायम माझ्या वाट्याला. गेल्या वर्षी बाहेर फटाके सुरू झाले तेव्हा मी एका आजोबांची सलाईन बदलत होते. मनात म्हटलं, प्रभू, हे वर्ष तुझं, आणि ही शीर सापडू दे. सापडली. आजोबा डोळे न उघडता म्हणाले, 'बाय, बारा वाजले काय गो?'
'वाजले, आजोबा.'
'मगे च्याय दी.'