ऑर्ग एक्स्पोर्टमध्ये वेळ नेमका कुठे जातो?
ईमॅक्स या संपादकाच्या ऑर्ग मोडमध्ये मजकुरातच चालणारे कोडचे ब्लॉक ठेवता येतात. पायथनचे बरेच ब्लॉक असलेली अशी ऑर्ग फाइल एचटीएमएलमध्ये न्यायला (एक्स्पोर्ट करायला) फार वेळ लागतो, अशी एकाची तक्रार आहे. त्यावर ‘ऑर्ग-एक्स्पोर्ट-यूज-बेबल’ या सेटिंगला ‘निल’ (म्हणजे बंद) करा असं कुणीतरी सुचवलंय. वेग वाढेल खरा, पण मग ब्लॉकचे हेडर आर्ग्युमेंट्स, म्हणजे ब्लॉकचं काय करायचं याच्या सूचनाच पाळल्या जात नाहीत. ‘एक्स्पोर्ट्स नन’ देऊन लपवलेला कोडही छापून येतो. त्यापेक्षा फाइलच्या डोक्यावर हेडर-आर्ग्समध्ये ‘इव्हॅल नेव्हर-एक्स्पोर्ट’ (एक्स्पोर्ट करताना कोड चालवू नको) लिहा. आधी मिळालेली उत्तरं तशीच जातात आणि ब्लॉक हाताने चालवायची सोयही राहते.

‘कॅश येस’ हे हेडर आर्ग्युमेंटही मोह पाडतं, पण जपून. रिझल्ट्सच्या ओळीत एक हॅश (ब्लॉकच्या मजकुरावरून काढलेली खूण) साठवला जातो, तो जुळला की ब्लॉक पुन्हा चालत नाही. मात्र ब्लॉक एखादी सीएसव्ही वाचत असेल आणि फक्त ती बदलली, तर ऑर्गला पत्ताही लागत नाही. अहवालात शिळे आकडे राहतात. ‘सेशन’बरोबर, म्हणजे अनेक ब्लॉक एकाच चालू पायथनमध्ये चालत असतील तेव्हा, तर टाळाच.

कोड चालतच नसूनही रखडतंय? मग संशय कोडच्या रंगकामावर (एचटीएमएलमध्ये कोड रंगीत दाखवण्यावर). प्रत्येक ब्लॉक तात्पुरत्या बफरात त्या भाषेच्या मेजर मोडमध्ये (ईमॅक्सच्या त्या भाषेसाठीच्या मांडणीत) रंगवला जातो, आणि मोडच्या हुकमध्ये, म्हणजे मोड सुरू होताच चालणाऱ्या यादीत, जे काही जड कोंबलंय तेही दरवेळी चालतं. (आपल्या इनिट, म्हणजे ईमॅक्सच्या सेटिंग्जच्या, फाइलींची अवस्था आपल्यालाच ठाऊक!) रंगकाम ठरवणारं ‘ऑर्ग-एचटीएमएल-एचटीएमलाइझ-आउटपुट-टाइप’ हे सेटिंग थोडा वेळ ‘निल’ करून बघा. एक्स्पोर्टआधी ‘प्रोफायलर-स्टार्ट’ आणि नंतर ‘प्रोफायलर-रिपोर्ट’ या वेळ मोजणाऱ्या आज्ञा चालवल्यात, तर दोष कोडचा की रंगांचा हे लगेच दिसेल.

असिंक्रोनस (मागे वेगळं चालणाऱ्या) एक्स्पोर्टने काम लवकर होत नाही, फक्त तोवर ईमॅक्स अडकून पडत नाही.