मतदान खिशाकडं बघून होतं का खरंच? सोलापूरकर बोला

पूर्वभागकर:
घरात वाद चाललाय. भाऊ म्हणतो लोक जात आणि झेंडा बघूनच मत टाकतात, पैशाचं सगळं नंतर. मला पटत नाही. 2024 ला मेमध्ये लोकसभेला जिल्ह्याचा मूड एक आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेला राज्याचा दुसराच, मधल्या काळात जात तर बदलली नाही ना कुणाची? मग काय बदललं?

मोहोळचा_कांदा:
बदललं ना ओ, खात्यात पैसे आले. डिसेंबर 2023 ला कांद्यावर निर्यातबंदी घातली, भाव पडला, आणि उठवली कधी तर 4 मे ला, आपलं मतदान 7 मे ला! वर 40 टक्के शुल्क ठेवलंच. तीन दिवसांत काय कांदा जहाजात चढणार का. शेतकरी विसरत नाही असल्या गोष्टी. पुढं जुलैत लाडकी बहीण आली, महिन्याला 1500, आमची मंडळी म्हणाली तुमच्या कांद्याचं तुम्ही बघा. आता ह्या घराचं आर्थिक हित नक्की कुठलं ते सांगा. आणि शहरातल्याला तर कांदा स्वस्तच पाहिजे, त्याचं मत उलटं.

विडीघरकुल_वाला:
कांदेवाल्यांचं बरंय, किमान सरकार दखल घेतं. माझी आई विडी वळायची, हजार विड्यांमागं मजुरी, वर खराब म्हणून काढलेल्या विड्यांचे पैसे कापायचे. एवढ्या हजारो बायका, सगळ्यांची अडचण एकच, तरी मतं फुटायची. मतदानाच्या दिवशी मजुरी कुणाच्या डोक्यातच नसायची, गल्लीतला माणूस सांगेल ते. त्यामुळं तुमचा भाऊ अगदीच चुकीचा नाही.

ऊसपट्टा:
मुद्दा राहतोय एक. आमच्याकडं कारखान्याचा चेअरमन नाहीतर त्याचा माणूस उमेदवार असतो. उसाचे पैसे 14 दिवसांत द्यायचा कायदा आहे, पण ऊस तोडायला टोळी आधी कुणाच्या फडात पाठवायची हे कायद्यात कुठं लिहिलंय? टोळी महिनाभर उशिरा आली की ऊस वाळतो, वजन घटतं, गहू हुकतो. बूथवर कुणी बघत नाही माहितीय, तरी माणूस रिस्क घेत नाही. ह्याला खिशाकडं बघून मत म्हणायचं का भीतीनं, तुम्हीच ठरवा.

पूर्वभागकर:
ऊसपट्टा, हे भावाला वाचून दाखवलं, तर तो म्हणतोय चेअरमन कुठल्या जातीचा ते पण विचार त्यांना 😄

ऊसपट्टा:
चेअरमनच्याच जातीतल्यांची टोळी पण उशिरा येते ओ, विरोधी पॅनेलला असले की.