चित्रपट अभ्यासात एम.ए. करावं का?

वाचनवेडी: साहित्यात बी.ए. झालंय. आता चित्रपट अभ्यासात एम.ए. करायचं मनात आहे. घरचे म्हणतात, सिनेमे बघायला विद्यापीठ कशाला? वर्गात नेमकं काय चालतं? कॅमेरा हातात देतात का? आणि सारखी चिरफाड करून आवड मरते, हे खरं का?

शेवटची_रांग: मी हेच केलंय, म्हणून सविस्तर लिहिते. सिनेमा करायला शिकायचं तर फिल्म स्कूल वेगळं. मॉस्कोत १९१९ साली तसं निघालं, तेव्हापासून ती वाट आहे. विद्यापीठात मुख्यतः बघायचं, वाचायचं आणि लिहायचं. काही ठिकाणी एखादा प्रात्यक्षिकाचा पेपर असतो, तेव्हा अभ्यासक्रम आधी नीट बघून घे.

एखादा तीन मिनिटांचा प्रसंग घ्यायचा. एकदा आवाज बंद करून बघायचा, एकदा चित्र झाकून नुसता ऐकायचा. मग तक्ता करायचा: शॉट किती सेकंदांचा, जवळून (क्लोज-अप) की लांबून (लाँग), कॅमेरा हलला का, उजेड कुठून येतोय, आवाज कुणाचा. किचकट काम आहे. पण मग लक्षात येतं की बोलतोय एक आणि कॅमेरा आहे ऐकणाऱ्यावर, म्हणजे प्रसंग त्या ऐकणाऱ्याचा आहे! हे असं उलगडलं की आवड मरत नाही गं, वाढते.

मूकपटांच्या काळात रशियन दिग्दर्शक कुलेशोव्हने एका नटाचा तोच चेहरा एकदा सूपच्या वाडग्याला, एकदा शवपेटीला जोडला. लोकांना भूकही दिसली, दुःखही दिसलं. संकलनाचा, म्हणजे शॉट जोडण्याचा, अभ्यास बहुतेक इथूनच सुरू होतो. आणि स्त्रीवादी चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्हीचा १९७५ चा निबंध चुकवू नकोस. कॅमेरा बाईकडे कुणाच्या नजरेने बघतो, हा प्रश्न तो वाचल्यापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

काळापांढरा: वरच्या ताईंशी सहमत. फक्त सिद्धांताचं वाचन जड जातं, त्याची तयारी ठेवा. साहित्यातून येणारे बरेचदा कथानकावरच पानं भरतात. आमच्या मार्गदर्शक बाई अशा निबंधावर एकच शेरा मारायच्या: "यात कॅमेरा कुठे आहे?"

वाचनवेडी: मनापासून आभार. म्हणजे गोष्ट लिहायचीच नाही का?

शेवटची_रांग: दोन ओळींत लिही. तिसऱ्या ओळीपासून शॉटवर ये.