मुलांची परोपकारवृत्ती मोजताना

प्रश्नावली भरून घेतली की मुलांची परोपकारवृत्ती कळते, असं बरेचदा म्हटलं जातं. पण कुठली प्रश्नावली? मानसशास्त्रज्ञ रश्टन आणि सहकाऱ्यांची १९८१ची २० विधानांची प्रश्नावली खूप वापरली जाते. तिच्यात रक्तदान केलंय का, अनोळखी माणसाची बर्फात अडकलेली गाडी ढकललीय का, हेही येतं. बारा वर्षांचं मूल रक्तदान करणार कसं? त्याचे गुण घटतात ते वयामुळे, वृत्तीमुळे नव्हे. शिवाय शिक्षक समोर असले की चांगलंच उत्तर लिहिलं जातं. मला वर्गमित्रांना विचारणं जास्त भरवशाचं वाटतं: बुडलेल्या अभ्यासासाठी वही कोण देतं, एकट्या पडलेल्याजवळ कोण जाऊन बसतं? मात्र लोकप्रिय मुलांची नावं इथे आपोआप वर येतात, म्हणून 'कोण आवडतं' हे वेगळं विचारायलाच हवं.